चितेगावच्या बैठकीत क्वांटमची खोट

संभाजीनगरला जाऊन आले आणि वेरूळ न पाहताच परत आले, हे कळल्यापासून आमच्या चिपळूणच्या गल्लीत लोक माझ्याकडे दयेने बघतात. "निदान मकबरा तरी पाहिलात ना?" असं शेजारच्या वहिनींनी विचारलं. तोही मी रिक्षातून लांबून पाहिला, आणि तो मकबराच होता की दुसरा कुठला घुमट, याची मला खात्री नाही. मी लेणी बघायला गेलेच नव्हते. मी एका मुलीच्या बैठकीला गेले होते, आणि ती बैठक लग्नाची नव्हती.

कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी मी संगणकासमोर बसून मराठीतून पदार्थविज्ञान शिकवते. ऐकणारे मोजके. त्यातले काही पोहे खात ऐकतात, ते मला दिसतं आणि रागही येतो. सारिका मात्र कधी खाताना दिसली नाही. ती प्रश्न विचारायची, आणि उत्तर पटलं नाही तर पुढच्या रविवारी तोच प्रश्न पुन्हा विचारायची. चितेगावच्या शेतकरी घरातली मुलगी. एम.एस्सी. होऊन वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरीला लागलेली. तिला दक्षिणेतल्या एका संस्थेत संशोधनासाठी जागा मिळाली. विषय माझ्याच आवडीचा: क्वांटमचं गणित तर जमतं, पण त्या गणिताचा अर्थ काय?

घरात थोरले चुलते अण्णा. शेत एक, चूल एक, शब्दही त्यांचाच. त्यांनी सांगितलं होतं की काय शिकायला चालली ते बैठकीत समजावून सांगू दे. पटलं तर जाईल, नाही तर चालून आलेलं स्थळ बघू. सारिकाने मला फोन केला.

"मॅडम, आमच्या घरी मोठं काई ठरायचं म्हणलं की बैठक बसती. पोरीच्या बाजूनं बाहेरचं एक माणूस लागतंय. तुम्ही बसता का?"

वादाला बसायचं म्हटल्यावर मी कधी मुहूर्त बघितलेला नाही. मी तिकीट काढलं. हात हलवत परत यायचं नाही, हे बॅग भरतानाच ठरवून टाकलं.

छावणी, शुक्रवार

माझी उतरायची सोय छावणीत, सारिकाच्या आत्याकडे होती. पण गाव पैठण रोडला आहे हे डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून मी रिक्षावाल्याला ऐटीत "पैठण गेट" सांगितलं. त्याने ऐन बाजाराच्या गर्दीत, कपड्यांच्या दुकानांसमोर मला उतरवलं. मी आजूबाजूला शेत शोधू लागले.

"मॅडम, पैठण गेट येइच है," तो म्हणाला. "पैठण रोड तो स्टेशन के परे. आपको जाना किधर है?"

"छावणीत."

"तो छावनीच बोलना था ना पहले," म्हणत त्याने रिक्षा वळवली. या शहरात दरवाजे इतके आहेत की बाहेरच्या माणसाने कुठल्याही दरवाजाचं नाव घ्यावं आणि कुठे तरी पोचावंच. आपल्याला हवं तिथे मात्र नाही.

आत्या, म्हणजे सुमनताई, दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम बाजारातून नान-खलिया मागवला होता. "आमच्या घरात शिजत नाय, पण पाव्हण्याला खाऊ घालायला काय हरकत हाय?" असं म्हणून त्या स्वतः पिठलं-भाकरी घेऊन माझ्यासमोर बसल्या. नान जाड, पिवळसर, मऊ. खलिया म्हणजे मटणाचा झणझणीत, तेलाचा तवंग आलेला रस्सा. आम्ही कोकणातली माणसं रस्सा म्हटला की नारळ शोधतो. इथे नारळाचा पत्ता नव्हता आणि तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतला. मग डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तेव्हा सुमनताईंनी न विचारता गुळाचा खडा पुढे केला.

"अण्णा वाईट नाय बरं का," त्या म्हणाल्या. "माझा थोरला भाऊ हाय, मला माहीत हाय. पण एकदा नाय म्हणला की मंग नाय. आन् रंगनाथ, सारिकाचा बाप, त्याच्यापुढं तोंड उघडत नाय. जन्मात उघडलं नाय."

"मग आपण उघडू," मी म्हणाले. तिखटाने माझा घसा बसला होता, त्यामुळे त्या वाक्याला हवा तेवढा जोर आला नाही.

पाणचक्की, शनिवार

सकाळी दही-धपाटे खाऊन सारिका आणि मी पाणचक्कीवर गेलो. तिची सुटी होती आणि तयारीला शांत जागा हवी होती. पडद्यावर दिसायची त्यापेक्षा ती बुटकी निघाली, आणि चालताना माझ्यापुढे चार पावलं. सवय लागली आहे म्हणाली, कंपनीची बस चुकू नये म्हणून.

इथे वाचकांना थोडं सांगावं लागेल, नाही तर आम्ही दोघी कशावरून भांडलो ते कळायचं नाही. इलेक्ट्रॉनसारखे अतिसूक्ष्म कण एकेक करून दोन फटींच्या पट्टीवर सोडायचे. पलीकडच्या पडद्यावर प्रत्येक कण एकच ठिपका उमटवतो. पण असे पुष्कळ ठिपके साचले की पडद्यावर पट्टे दिसू लागतात, दोन्ही फटींतून एकाच वेळी आलेल्या लाटा एकमेकींत मिसळल्यावर दिसावेत तसे. कण तर एकेकटा गेला, मग लाट कोणाची? आणि कण कुठल्या फटीतून गेला हे टिपायला गेलं, तर पट्टेच दिसेनासे होतात. ठिपके कुठे दाट पडतील आणि कुठे विरळ, हे गणित अचूक सांगतं. त्यावर कुणाचंही भांडण नाही. भांडण आहे ते पडद्यावर पोचेपर्यंत त्या कणाचं काय चाललेलं असतं यावर, आणि ते जगातल्या मोठ्या मोठ्या डोक्यांचं अजून मिटलेलं नाही.

पाणचक्कीचं पाणी लांबच्या डोंगरातून येतं. जुन्या काळच्या कारागिरांनी जमिनीखालून मातीचे नळ टाकून ते शहरात आणलं. उंचावरून हौदात पडणारी त्याची चादर बघत आम्ही बसलो होतो, आणि मला राहवलं नाही.

"हे बघ, माझं म्हणणं इतकंच," मी म्हणाले. "पाणी इथे पडताना दिसतं. वाटेत दिसत नाही, म्हणून काय त्याला वाट नव्हती? कणालाही ठरलेली जागा असते, ठरलेली वाट असते, आणि एक लाट त्याला त्या वाटेने नेते. पट्टे त्या लाटेमुळे."

"मॅडम, नळ खणून दाखवता येतोय," सारिका म्हणाली. "तुमची वाट कोण खणून दाखवणार? खणायला गेलं की पट्टेच पुसून जातेत."

"ते का पुसून जातात हेही माझं गणित सांगतं."

"ते तर सगळ्यांचंच सांगतंय. मंग तुमचं खरं का मानायचं?"

रविवारच्या तासाला हीच मुलगी, हाच प्रश्न. तिचा ओढा वेगळ्या मताकडे. त्यात लाट खरी असते आणि अधूनमधून आपोआप ढळून एका जागी गोळा होते. एकट्या कणाची क्वचितच, पण पुष्कळ कण एकत्र असले की क्षणात. म्हणून मोठ्या वस्तू एका जागी दिसतात, धपाटा ताटातच दिसतो. तिला ते आवडतं, कारण ते खोटं ठरवता येतं. काळजीपूर्वक प्रयोग केले तर बारीकसा फरक सापडेल किंवा सापडणार नाही. मला ते आवडत नाही, कारण त्यासाठी चांगल्या चालत्या समीकरणात ठिगळ लावावं लागतं.

शेवटी आम्ही तह केला. उद्या बैठकीत एकमेकींशी वाद घालायचा नाही. मी सुरुवात करायची, विषयाचं महत्त्व सांगायचं, उपयोग सांगायचे, आणि ती फक्त विचारलं तेवढंच बोलणार. तह माझा होता. ती हो म्हणाली, पण हौदाकडे बघत म्हणाली.

चितेगाव, रविवार

पैठण रोडने जाताना एका बाजूला कारखान्याची भिंत आणि दुसऱ्या बाजूला कपाशी, असं बराच वेळ चालतं. घर स्लॅबचं, ऐसपैस, मागे मोसंबीची बाग. आतून येसराच्या आमटीचा भाजक्या मसाल्याचा वास येत होता, पण बैठक उठेपर्यंत ताट वाढायचं नाही असा रिवाज. आमच्याकडे आधी पाहुण्याला पोटभर घालतात आणि मग नकार देतात. पोट भरलेला माणूस फारसा भांडत नाही, त्यामागे हा हिशेब असावा.

सतरंज्या अंथरलेल्या. भावकीतले चार-पाच पुरुष भिंतीला टेकून, बायका आतल्या दाराशी. मला खुर्ची दिली. मी ती नाकारली आणि गुडघ्यांना शिव्या देत सतरंजीवर बसले, कारण भांडायचं तर एका पातळीवर बसून. सारिका माझ्या शेजारी. तिचे वडील रंगनाथराव शेत सांभाळून कारखान्यातही जात; रात्रपाळी करून वाळूजहून थेट आले होते, अंगात अजून कंपनीचा शर्ट. ते भावापासून थोडं मागे, अर्धवट दाराकडे तोंड करून बसले. अण्णा मध्यभागी. पांढरी मिशी, स्वच्छ धोतर, नजर शांत. अशी शांत नजर मला भांडखोर नजरेपेक्षा जास्त भिववते.

"बोला बाई," ते म्हणाले.

मी सुरू केलं. मोबाइल यातूनच आला, दवाखान्यातली यंत्रं यातूनच आली, लेझर आला. मी तयारीच्या भाषणात नमनालाच घडाभर तेल ओतत होते, तेवढ्यात अण्णांनी हात वर केला.

"गुण मागून सांगा. आमच्यात आधी खोट सांगत्यात."

मला कळेना. सारिका कानाशी पुटपुटली, "मॅडम, सांगायचं राहिलंच. जो स्थळ आणतो त्यानंच त्याची खोट सांगायची असती. आपण लपवली आन् दुसऱ्यानं काढली तर बैठक मोडती. मला वाटलं, तुमच्याकडं बी असंच असंल."

आमच्याकडे स्थळाची खोट साखरपुड्यानंतर शेजारी सांगतात. माझं सगळं भाषण एका झटक्यात निकामी झालं. इतक्या लांब येऊन, पहिल्या वाक्यालाच, अडाण्यासारखं. अण्णा वाट बघत होते, घाई न करता.

"मी सांगते," सारिका म्हणाली.

तह मोडला, आणि मला हायसं वाटलं. तिने आधी दोन फटींची गोष्ट सांगितली, मी वर सांगितली त्याहून सोप्या शब्दांत. मग म्हणाली, "गणित एकच हाय, अण्णा. अर्थ लावणारे पाच घरचे. पाचांची बी खोट सांगते."

पहिलं घर सगळ्यात जुनं, मातब्बर. ते म्हणतं, मोजल्याशिवाय कण कुठं होता हे विचारूच नका, त्या प्रश्नाला अर्थ नाही. "ह्याची खोट म्हंजी, मोजणं कुठून सुरू होतंय ते सांगत नाय. यंत्र बी कणांचंच की. मंग त्याला येगळा न्याय कामून? विचारलं की गप्प."

दुसरं घर म्हणतं, कण डावीकडेही गेला आणि उजवीकडेही, जगच दुभंगलं. जे जे होऊ शकतं ते ते कुठल्या तरी जगात होतं, आपण फक्त एकाच फांदीवर. "ह्याचं गणित सगळ्यात साफ. पण खोट मोठी. सगळंच होत असंल तर एखादी गोष्ट जास्त होईल, एखादी कमी, ह्याचा मतलब काय राहिला? आन् एवढी जगं आपल्याला कधीच दिसणार नायत."

"म्हंजी एका जगात तुझी बैठक मोडली?" भिंतीकडचे एक काका म्हणाले.

"व्हय काका. पन मला ह्याच जगात राहायचंय."

लोक हसले. अण्णा हसले नाहीत. "म्होरं," एवढंच म्हणाले.

तिसरं घर माझं, वाट आणि वाट दाखवणारी लाट. "ह्याच्यात सगळं जागच्या जागी. खोट अशी की इथं एका कणाला हात लावला तर लई लांबच्या दुसऱ्याला त्याच घडीला कळतंय, मधी काय नसताना. आन् वाट कधीच बघता येत नाय." चौथं घर ढळणाऱ्या लाटेचं, तिचं स्वतःचं. त्याचीही खोट तिने सोडली नाही: "मूळ गणितात आपल्या पदरचं घातलंय, आन् आजवर त्याचा पुरावा मिळाला नाय." पाचवं घर म्हणतं, हे गणित जगाचं वर्णनच नव्हे, पुढे काय होईल याबद्दल मी किती खात्री बाळगावी, त्याचा तो हिशेब. "हे घर कुणाशी भांडत नाय. पन मंग बाहेर खरं काय हाय, असं विचारलं की ते दार लावून घेतंय."

अण्णांनी पाच बोटं एकेक करून मिटली. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुमची पसंती कोणती?"

मी सांगितली. सांगून थांबायला हवं होतं. पण मी म्हणाले की चौथ्या घराची खोट तिने फारच हलक्या हाताने सांगितली, ते ठिगळ आहे ठिगळ. सारिका ताडकन म्हणाली की ठिगळ असलं तरी तपासता येतं, तिसरं घर तर तपासूच देत नाही. मी म्हणाले, दोन्हीकडचे अंदाज जुळत असतील तर साधं आणि स्पष्ट ते घ्यावं. ती म्हणाली, स्पष्ट कुठंय, त्या लांबच्या कणाचं काय? माझा आवाज चढला. तिचाही चढला. आतल्या दारातल्या बायका पुढे सरकल्या.

"ह्या दोघी एकाच बाजूच्या हायत ना?" अण्णांनी शांतपणे विचारलं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. रंगनाथराव मान खाली घालून सतरंजीचा धागा ओढत होते.

"पोरी," अण्णा म्हणाले, "एवढी शिकलेली माणसं, एवढी वर्षं, एकमत करू शकली नायत. तुम्हा दोघींचं व्हईना. तू जाऊन काय करणार?"

"मला सगळ्यांचा निकाल लावता यायचा नाय, अण्णा. चौथ्या घराची परीक्षा घेणाऱ्या कामात मी जाणार हाय."

"आन् ते नापास झालं तर?"

"तर एक घर कमी होईल. चार उरतील."

"तुझं स्वतःचंच घर?"

"व्हय."

"आन् कायच निघालं नाय तर?"

तिचा तळहात घामेजला होता, सतरंजीवर त्याचा ओला डाग पडला होता. "तर कायच निघालं नाय," ती म्हणाली. "वर्षं जातील. ते बी होऊ शकतंय. मी लपवत नाय. तरी मला जायचंय."

रविवारच्या ऐकणाऱ्यांपैकी एकानेही मला इतकं सरळ उत्तर दिलेलं नाही. मला तिचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी हेही दिसलं की तिने आपल्याच हाताने आपली बाजू रिकामी करून ठेवली होती. मी तोंड उघडलं, तर अण्णांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"विषयाची खोट झाली. आता पोरीची खोट ऱ्हायली. ती बापानं सांगायची. सांग रंगनाथ."

बैठक मोडायची असेल तर अशीच मोडतात, हे मला नंतर सुमनताईंनी सांगितलं. बापाने एखादी खोट सांगायची, नाजूक आहे, लांब राहायची नाही, आणि सगळ्यांनी माना हलवायच्या. कुणाचा अपमान नाही, कुणाशी भांडण नाही. रंगनाथरावांना तो रस्ता दाखवला गेला होता.

ते उठून उभे राहिले. बैठकीत कुणी उभं राहत नसावं, कारण सगळे चुळबुळले.

"तिच्यात एकच खोट हाय, अण्णा," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की दारातल्या बायका गप्प झाल्या. "तिचा बाप तुमच्यापुढं कधी बोलला नाय. शाळेत माझा पयला नंबर व्हता. तुम्ही शेतावर ये म्हणलात, तवा बी बोललो नाय. आज बोलतोय. ती जाणार."

सारिकाने माझा हात धरला. तिची नखं लागत होती, आणि मी ती लागू दिली. मला रडू येत होतं. इतका वेळ मी ज्या माणसाला मोजतच नव्हते, तो मागच्या रांगेतून उठून तिच्या बाजूला उभा होता.

अण्णा भावाकडे बघत राहिले. चेहऱ्यावर राग शोधायचा मी खूप प्रयत्न केला, मिळाला नाही. त्यांचे ओठ दोनदा हलले आणि आवाज नंतर आला.

"तवाच बोलायचं व्हतं, रंगनाथ," ते म्हणाले. "मी ऐकलं असतं."

रंगनाथराव पुन्हा सतरंजीवर बसले. खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मग अण्णांनी घसा साफ केला आणि सारिकाला विचारलं, "तिकडं जायची गाडी कुठून हाय तुझी?"